राहायची शपथ

"सोमवारी शपथ आहे माझी," यादिरा म्हणाली, आणि फर्मिनचा वर असलेला हात खाली आला.

एरवी तो हात दिवसभर वरच असतो. मेक्सिकोतल्या तिहुआनातून अमेरिकेच्या सरहद्दीच्या फाटकाकडे गाड्यांची रांग सरकत असते, त्या रांगेला लागूनच त्याचं पंक्चरचं दुकान. हात हलवून बोलावल्याशिवाय कोणाचं लक्षच जात नाही.

"कसली शपथ?"

"सैन्यात जातेय, पप्पा."

तो समोरच्या टायरवर बसला. "हे कुणाच्या डोक्यातून निघालं? तुझ्या आईच्या?"

"आईला अजून माहीतच नाही."

यादिरा जन्मली पलीकडे, म्हणून ती तिकडची. मनात येईल तेव्हा फाटकातून येते, जाते. तिची आई एर्लिंदा कित्येक वर्षं तिकडच्या हॉटेलांच्या चादरी धुते आहे, पण तिच्याकडे राहण्याचे कागद नाहीत. आणि फर्मिन त्याच देशाचा जुना शिपाई, वाळवंटात लढून आलेला. त्याला नऊ वर्षांपूर्वी फाटकाबाहेर काढलं, ते कायमचं. नवराबायको तेव्हापासून एकमेकांना फोनवरच बघतात.

"मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतून कागद नसलेल्या तिघांना पोलिसांनी उचललं," यादिरा म्हणाली. "आई आता बसने जात नाही, चालत जाते. संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा लावू देत नाही. तो भरतीवाला साहेब म्हणाला, पोरगी वर्दीत असली की आईला कोणी हात लावत नाही. कागदसुद्धा होतात."

"म्हणाला, की लिहून दिलं?"

"म्हणाला."

फर्मिन हसला. ते हसू काही बरं नव्हतं.

"मलाही असाच एक गोडबोल्या भेटला होता. खांद्यावर हात ठेवून म्हणतो, आजपासून तू आमचा. मी हात वर केला, शपथ घेतली, वाटलं, झालो इथला! तुझ्या आजीला फोन करून सांगितलं. तिने गल्लीभर मक्याचे तमालेस वाटले."

यादिराला ही गोष्ट पाठ होती. ही चूक करणारा फर्मिन काही एकटा नव्हे. तिहुआनात असे पुष्कळ आहेत. रविवारी एकत्र बसून बीअर पितात आणि एकमेकांना 'ए अमेरिकन' म्हणून चिडवतात.

"पुढे ती मारामारी झाली, खटला झाला. न्यायाधीश विचारतो, तू कुठला? म्हटलं, इथलाच की साहेब, शपथ घेतलीय. तर म्हणे, ती सैन्याची, नागरिकत्वाची शपथ वेगळी. कळलं का पोरी? एक असते मरायची आणि एक असते राहायची. मी मरायची घेतली. राहायची घ्यायची राहूनच गेली."

"मला राहायची लागतच नाही, पप्पा. मी तिथलीच आहे."

"तू आहेस गं. तुझ्या आईचं काय? एक साहेब आज मुभा देईल, दुसरा उद्या काढून घेईल. आईला उचलतील तेव्हा तू कुठल्या तरी वाळवंटात बसलेली असशील, बंदूक घेऊन. कुणावर रोखणार ती?"

"माहितीये मला." तिचा आवाज चढला नाही. "वकीलबाईही हेच म्हणाल्या. होईलच असं नाही, म्हणाल्या. मी विचारलं, मग दुसरा रस्ता सांगा. त्यांनी फाइल मिटली. तुम्ही सांगा ना, आहे दुसरा?"

दुसरा रस्ता नव्हता. असता तर तो स्वतः इथे लोकांच्या ट्यूबा चिकटवत कशाला बसला असता? त्याला मुलीवर ओरडायचं होतं, आणि राग काही केल्या येत नव्हता.

रांगेतल्या गाड्या थोड्या पुढे सरकल्या. तो उठला, पॅंटला हात पुसले.

"ऊठ. शपथ पाठ झालीय का?"

यादिरा उभी राहिली. हात वर करून म्हणू लागली. संविधानाचं रक्षण करीन इथवर नीट आली आणि अडखळली. "परक्या आणि... परक्या आणि..."

"परक्या आणि घरच्या सर्व शत्रूंपासून," फर्मिन म्हणाला. "घरच्या. त्यात मी आलो बघ."

तिला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरून आले.

"रडायचं नाही. कोपर वाकवू नकोस. बोटं जुळव. अशी." दाखवायला म्हणून त्याने स्वतःचा हात वर केला. मग दोघांनी मिळून ती शेवटपर्यंत म्हटली. तो एक शब्दही विसरला नव्हता.

तेवढ्यात रांगेतून एक जुनी गाडी बाहेर निघाली आणि दुकानापाशी येऊन थांबली. चालकाने खिडकीतून डोकं काढलं.

"काय हो उस्ताद, दोघं दोघं मिळून बोलावताय! कुठलं चाक गेलं माझं?"

फर्मिनने हात खाली घेतला. वाकून चारी चाकांवरून नजर फिरवली.

"काही झालेलं नाही," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे. जा पुढे."

हे तो गाडीवाल्याला म्हणाला होता. पण यादिराने "बरं, पप्पा" म्हणून पाठपिशवी खांद्याला लावली आणि ती फाटकाकडे चालू लागली.