मौनात अडकलेलं नेट

कॉम्प्युटर सुरू झाला आणि रोजच्यासारखं पडद्यावर ते चक्र गरगरत राहिलं. दहाला साहेबांशी मीटिंग, आणि कालच्या रडतखडत चाललेल्या नेटवरून ते आधीच तापलेले. उल्काने नको ते सगळे प्रोग्राम बंद केले, राउटर बंद करून पुन्हा लावला. नेट ढिम्म हलेना.

मग तिला देवघर आठवलं. रोज याच वेळी तिचे सासरे, अप्पा, दार लोटून मौनात बसत. मालिकांनी घरं बिघडतात म्हणून त्यांनी टीव्हीची केबल काढून टाकली होती, तेव्हापासून सासूबाईंची मालिका अर्ध्यावरच राहिली होती. पण काल फुलं द्यायला गेली, तेव्हा उल्काला अप्पांच्या जानव्याशेजारी इयरफोनची पांढरी वायर लोंबताना दिसली होती.

सासऱ्यांना विचारणार कसं? नेट कंपनीचा फोन आल्यासारखा तिने बंद मोबाइल कानाला लावला आणि देवघरापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "काय सांगता? आमच्याकडे कोण काय बघतंय ते तुम्हाला ऑफिसात बसून दिसतं? थांबा, स्पीकर लावते, नावं वाचून दाखवा."

चक्र थांबलं. नेट सुसाट धावू लागलं. देवघराचं दार उघडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अप्पांनी मौन मोडलं. "त्यांना सांग, ती मालिका आपोआप लागली होती."

स्वयंपाकघरातून सासूबाई हातात झारा घेऊन बाहेर आल्या. उल्काने श्वास रोखला.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "मग ती धाकटी सून घरी परत आली का?"

अप्पांनी घाईघाईने डोळे मिटले आणि राहिलेलं मौन पूर्ण करायला घेतलं.