तडकलेली घागर

दिगंबर तांबटाची हातोडी घागरीच्या पोटावर पडत होती. ठोकून ठोकून तांबं कडक झालं की ठोका खणखणीत वाजतो. तेव्हा ते भट्टीत तापवून मऊ केलं नाही तर तडकतं. जन्मभराच्या ठोक्यांनी दिगंबरचे कान गेले होते, त्याला तो फरक कळत नसे. स्वयंपाकघरात बायकोला कळायचा. ती येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. “ऐकू येतंय मला,” असं खेकसून तो घागर भट्टीत सरकवायचा.

आज हात आलाच नाही आणि घागरीला उभी चीर गेली. त्याने आधी पत्र्याला शिव्या घातल्या. मग खांद्यावर हात आलाच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. तो आत धावला.

बायको भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर अर्धवट निवडलेली मेथी, मान कललेली. त्याने तिच्या नाकाशी बोट धरलं. ऊन श्वास लागला. तो तिथेच तिच्याशेजारी बसला.

ठोके थांबल्यामुळे तिला जाग आली. “काय झालं हो?” तिचे ओठ हलले.

“घागर तडकली,” तो म्हणाला. “मला नाही गं ऐकू येत.”

भट्टीत घालण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.