तुळसाच्या मनातलं

तुळसाच्या दहाव्याला कोपरीच्या खाडीवर कावळा काही पिंडाला शिवेना. लेक रघू म्हणाला, "आई, धाकटीचं लग्न थाटात करीन." शिवेना. सून म्हणाली, "घरात रंगीत टीव्ही घेऊ." तरी नाही.

रघू बापाकडे वळला. "बाबा, आता तुम्हीच बोला. आईच्या मनात काय राहिलंय ते तुम्हालाच ठाऊक."

दामाजीला ठाऊक होतं. खाऱ्या पाण्याच्या टाकीत त्याने हौसेने पाळलेली, पुढच्या पायांनी ठोसे मारणारी शिकारी कोळंबी! तिने टाकीतले सगळे मासे मटकावले आणि दुपारभर काचेवर ठोसे हाणून तुळसाची झोप उडवली. तरी दामाजीने तिला घराबाहेर काढू दिलं नव्हतं.

त्याने हात जोडले. "बरं बाई, ती कोळंबी उद्याच समुद्रात..."

कावळ्याने झडप घातली.

दामाजी डोळे पुसता पुसता हसला. "मेलीस तरी माझं बोलणं पुरं होऊ देत नाहीस गं!"