अण्णांच्या आवाजाची कॅसेट

सकाळी साडेदहाला सुधाकर कोरी कॅसेट घेऊन घरी आला. साठ मिनिटांची की नव्वदची, यावर त्याने दुकानात बराच वेळ घालवला होता. नव्वदची फीत पातळ, गुंतते. साठची जाड, पण पुरेल का?

"साहेब, आख्खी मैफल भरायचीय का?" दुकानदाराने शेवटी विचारलंच.

मैफल नव्हती. एसटी स्टँडवर जन्मभर गाड्या पुकारलेल्या अण्णांच्या घशाचं दुपारी ऑपरेशन होतं. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. वडिलांचा आवाज कुठल्याही फितीवर भरण्याइतका सुधाकर बेजबाबदार नव्हता. त्याने साठची घेतली.

पण कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली, तर रेकॉर्डिंगचं बटण खाली जाईना.

"कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे कान कुठायत?" बायकोने विचारलं.

"मोडले. रिक्षातच. चुकून कुणी वर गाणी भरायला नकोत."

"धन्य आहे! अहो, ते आवाज भरून झाल्यावर मोडतात."

अण्णांना हसू आलं, मग खोकला. बाहेर हॉस्पिटलला न्यायला थांबलेल्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. बायकोने भोकांवर चिकटपट्टी लावून बटण दाबलं, तर ते मुकाट खाली गेलं.

"बोला, अण्णा," ती म्हणाली.

"थांबा! पंख्याची घरघर येतेय," सुधाकर ओरडला. पंखा बंद झाला. मग त्याला रस्त्यावरचा आवाज खटकला, म्हणून तो खिडक्या लावायला धावला.

"आता बोलू का रे?" अण्णांनी हळूच विचारलं.

सुधाकरने ओठांवर बोट ठेवलं. अजून एक खिडकी राहिली होती. हॉर्न पुन्हा वाजला. फीत फिरत होती.