एकुलतं एक विमान

दुहेरी पंखांचं ते लढाऊ विमान आमच्या कारखान्याने एकच बनवलं होतं. आजच्या चाचणीत ते पडलं असतं तर कारखान्याला टाळं लागलं असतं. पण आमचा वैमानिक फोल्कमार याने ढगांतून सरळ खाली सूर मारला, पंख टिकले आणि तो वार्नेम्युंडेच्या धावपट्टीवर अलगद उतरला.

आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. विमानाचा आराखडा काढणारे टीडेमान साहेब चक्क रडत होते.

"साहेब, आता तरी बिअर पाजाल ना?" मी विचारलं.

"पिंपच फोडू. आधी ते इंजिन बंद करा रे."

"बंदच आहे, साहेब."

विमानाचा पंखा खरंच थांबला होता. आवाज ढगांतून येत होता, आमच्याच इंजिनाचा, खाली खाली उतरत.

खांद्यावरचा फोल्कमार अभिमानाने हसला. "धावपट्टी मोकळी करा. मी अजून उतरायचा आहे."