धाग्यांची ओढ

नदीतल्या महसीर माशांच्या शेवटच्या मादीची अंडी दुभंगतच नव्हती. तापलेल्या पाण्याने त्यांच्यातले प्रथिनांचे धागे विरघळत आणि पेशीला ओढून दोन करणारं कुणी उरत नसे. प्रयोगशाळेत उरलेल्या एकमेव अंड्यात वसुमतीबाईंनी उष्णता सोसणाऱ्या रोहू माशाचं प्रथिन सोडलं. दृष्टी गेल्यापासून त्या, अंड्यातली सूक्ष्म हालचाल बोटाला जाणवेल इतकी मोठी करणाऱ्या यंत्राच्या गादीवर बोट टेकवून धाग्यांची ओढ ओळखत.

"आई, सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर काहीच हलत नाहीये," त्यांची लेक शाल्मली म्हणाली. "चल आता."

"थांब. बोट दे इकडे."

शाल्मलीने बोट टेकवलं. कुणीतरी दोन्हीकडून हळूच, पण नेटाने ओढत होतं. तिने वर पडद्याकडे पाहिलं. अंड्यावर खाच उमटत होती.

"कसं दिसतंय गं?"

"दोन पेशी झाल्या, आई."

"मग बैस जरा. आता चार होतील."