शिवगंगाबाईंची पायरी

रीत पाळून कुणाचा फायदा होत असेल, तर तो महांतप्पाचा. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न तर सोडाच, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं वाडवडील सांगून गेले. बाकीचे बाप ही रीत उपाशीपोटी पाळायचे. महांतप्पा भरल्या पोटी पाळायचा. महिन्यातून एकदा दुकानाचा माल भरायला तेरहून धाराशिवला यायचं, लेकीच्या ओट्यावर घटकाभर टेकायचं आणि खानावळीत जेवायला जायचं. घरी बायको, प्रेमाबाई, डाळीत तेल दाखवल्यासारखं करायची. खानावळीत विचारून वाढायचे. धर्म सांभाळला जाई आणि जिभेचीही सोय होई.

त्यामुळं खानावळ निवडायची तर तो लेकीला स्थळ बघावं तशी निवडी. बाप-लेकीचा तो खेळच होता. महानंदा उंबऱ्याच्या आत, तो ओट्यावर. ती विचारायची, "आज कुठं, आप्पा?" आणि तो एकेक खानावळ तिच्यापुढं मांडायचा. कचेरीमागची? तिथल्या आमटीत तेरणा नदी वाहते. मोंढ्याच्या बाजारातली? तिथला मालक जेवणाऱ्याचा घास बघत बसतो. शेवटी गाडी समोरच्याच शिवगंगाबाईंच्या खानावळीपाशी येऊन थांबे. आपल्यातलीच, लिंगायत बाई, आणि वांगी भरावीत तर तिनंच. ओट्यावरून तिच्या पायऱ्या सरळ दिसायच्या.

आजही त्यानं साखरेची पुडी उंबऱ्यावर ठेवली. लढाईचे दिवस, साखर परवान्यावर. पण बापानं द्यायला रीत आडवी येत नाही, घ्यायलाच येते. मग जरीचा पटका सारखा करत तो म्हणाला, "विचार की."

महानंदानं विचारलं नाही. "आज कचेरीमागं जावा, आप्पा."

"तिथं? अगं, तिथं जेवायचं तर पोहता यायला पायजे."

ती हसली नाही. "मग मोंढ्यात जावा. पर शिवगंगाकाकूकडं नगं."

"का? भांडलीस व्हय तिच्याशी?"

"न्हाय."

"मग वांगी संपली?"

महानंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आत तिची सासू लक्ष्मम्मा भांडी घासत होती, जरा जास्तच आवाज करून. त्या आवाजाच्या आडून महानंदा हळू म्हणाली, "तुम्ही ती पायरी चढता ना आप्पा, तवा साऱ्या गल्लीला आठवतं, मला अजून लेकरू न्हाय ते. मग म्हैनाभर कुणी इसरत न्हाय."

महांतप्पानं मान वळवली. शेजारच्या ओट्यावर बाया ज्वारी निवडत बसल्या होत्या. निवडत कसल्या, इकडंच बघत होत्या. दर वेळी अशाच बघायच्या. त्याला आपलं वाटायचं, पटक्याकडं बघतात. समोर शिवगंगाबाई पायरीवर उभ्या राहून हात करत होत्या, "या की, आप्पा! वांगी गरम हायती!"

त्यानं पटका काढला आणि ओट्यावर ठेवला. मग गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "विहीणबाई, ताट करा. इथंच, ओट्यावर."

लक्ष्मम्मा ओल्या हातांनीच बाहेर आली. "अवो, पाळणा हलायच्या आधीच? रीत काय म्हणंल?"

"रीतीला म्हणावं, काय बोलायचं ते तेरला येऊन बोल. दुकान उघडंच असतंय माझं."

लक्ष्मम्मा हलेना. महांतप्पानं कुणाच्या हो-नाहीची वाट बघितली नाही. उंबऱ्याशी पाय धुवायला तांब्या भरून ठेवलेला होता, तो उचलला. हातपाय धुतले. गळ्यातलं लिंग सोडून तळहातावर घेतलं, विभूती लावली, डोळे मिटले. आता सुटका नव्हती. लिंगपूजा करून ताटाची वाट बघणाऱ्याला दारातून तसंच उठवायचं, एवढी हिंमत लक्ष्मम्माच्या सात पिढ्यांत कुणाला झाली नव्हती. ती मुकाट्यानं आत वळली आणि सुनेला म्हणाली, "बघत काय बसलीस? तवा ठेव."

लग्नानंतर महानंदा पहिल्यांदा बापाला वाढत होती. भाकरी ताटात येईपर्यंत दोन जागी मोडली. डाळ वाढताना थोडी ओट्यावर सांडली. ज्वारी निवडणाऱ्या बायांचे हात थांबले होते. महांतप्पानं भाकरी कुस्करली, डाळीत कालवली, पहिला घास घेतला. क्षणभर थांबला. साऱ्या धाराशिवच्या खानावळींना नावं ठेवणारा माणूस; आता काय बोलतो, म्हणून गल्ली कान लावून बसली.

"शिवगंगाबाई!" त्यानं समोर हाक मारली. "तुमच्या हाताला ही चव न्हाय बरं का!"

ते खरंच होतं. डाळीत मीठच नव्हतं.

"अजून वाढ, महानंदे," तो म्हणाला. ती वाढत राहिली, तो जेवत राहिला. मीठ राहिल्याचं तिला कळलं ते तो तेरच्या वाटेला लागल्यावर, स्वतः पहिला घास घेतला तेव्हा.

बातमी त्याच्या गाडीच्या आधी तेरला पोचली. प्रेमाबाई बोलली, भावकी बोलली, दुकानात मीठमिरची घ्यायला येणारेही जाता जाता बोलले. धाराशिवच्या गल्लीला तर नवा विषयच मिळाला: नातवाआधीच लेकीच्या ताटावर बसलेला म्हातारा. महानंदाची आठवण काढायला कुणाला सवडच राहिली नाही. पुढच्या महिन्यात महांतप्पा पुन्हा ओट्यावर येऊन बसला, त्याच्याही पुढच्या महिन्यात बसला. इतकी वर्षं जेवत होता तो आणि त्याची किंमत भरत होती लेक. आता जेवायचा तोच आणि भरायचाही तोच.